सेटचे ४५० पाण्यात, फुकटच्या गोष्टींवर पोरगी वाचायला लागली

लेक दुसरीत आहे, मराठी मीडियम. अक्षरं सगळी येतात, काना मात्रा वेलांटी येतं, पण पुस्तक हातात दिलं की चित्रं बघून आपल्या मनानंच गोष्ट सांगणार, वाचणार काय नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरात महाद्वार रोडला एका दुकानातनं दहा पुस्तकांचा सेट घेतला, ४५० रुपये. प्रकाशकाचं नाव घेत नाही. कागद चकचकीत, सगळ्या प्राण्यांचे डोळे बशीएवढे, आणि पहिल्याच पानावर "धूर्त कोल्ह्याने युक्ती योजिली". आता मला सांगा, सात वर्षाच्या पोरीला क्त अजून नीट येत नाही आणि आमच्या घरात "योजिली" कोण म्हणतंय?

त्याहून मोठा घोळ अक्षरांचा. शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे मराठी वळणाचे, शिकवलेत, या सेटमध्ये सगळे ल आणि श हिंदी वळणाचे. "शाळा" शब्दावर बोट ठेवून बसली, मम्मी हे कुठलं अक्षर? म्हटलं श. "हा श नाय, आमच्या बाई असा काढत नाहीत." बरोबरच होतं की तिचं! आपल्याला सवयीनं चालून जातं, मला तोवर फरक दिसलाच नव्हता, पण नवीन वाचणारं पोर दर ओळीला असं अडलं की पुस्तक मिटतंय. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य, ते मात्र ती लगेच शोधायची कारण तिथं गोष्ट संपते. दुकानदार म्हणाला प्लास्टिक फाडलं की परत नाही. विषय संपला.

मग मैत्रिणीनं, ती झेडपीच्या शाळेवर आहे, स्टोरीवीव्हर सांगितलं. प्रथम बुक्स म्हणून संस्था आहे २००४ पासनंची, पोरांची पुस्तकं काढते, त्यांचीच ही साईट, २०१५ ला सुरू झाली. सगळं फुकट, आणि लायसन्स असं की नाव देऊन प्रिंट काढा, वाटा, भाषांतर करा, चालतंय. मला आवडलं ते लेव्हलचं. १ ते ४ अशा लेव्हल, पहिल्या लेव्हलला सोपे शब्द, तेच तेच परत येणारे, अख्खी गोष्ट २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्या पुढं. आपण वय बघून पुस्तक घेतो, इथं पोर कुठवर वाचतंय ते बघून घ्यायचं. मी मुद्दाम दुसरीतल्या पोरीला लेव्हल १ दिली, तिचे पप्पा म्हणाले ही तर बालवाडीची. असू दे की. पानावर एकच ओळ, पुढच्या पानावर तीच ओळ फक्त एक शब्द बदललेला, तिसऱ्या पानाला तिला कळलं की आता फक्त शेवटचा शब्द वाचायचाय, आणि तेवढा वाचला. पहिल्यांदा अख्खं पुस्तक स्वतः संपवलं, मग आज्जीला, मग परत आज्जीलाच.

दोन गोष्टी सांगून ठेवते. साईटवर कुणीपण गोष्ट लिहून, भाषांतर करून टाकू शकतं, त्यामुळं पोराला द्यायच्या आधी मी एकदा स्वतः मोठ्यानं वाचून बघते, जीभ कुठं अडखळली की ती गोष्ट बाजूला. आणि मोबाईलवर वाचायला देऊ नका, दोन पानं झाली की बोट यूट्यूबवर. पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकून राजारामपुरीत कलर प्रिंट काढली, प्रिंटचे पैसे जातात, फुकट म्हणलं तरी तेवढा खर्च धरा, पण सेटच्या पैशात माझी चार पुस्तकं झाली आणि चारही वाचून झालीत.

प्रिंट काढताना बुकलेट म्हणून स्पष्ट सांगा. मी नुसतं दोन्ही बाजूनं म्हटलं, मधी घडी घालून पिन मारली तर पानं उलटसुलट. आमच्या पहिल्या पुस्तकात मांजर आधी सापडतंय आणि मग हरवतंय, लेकीला तेच जास्त आवडलंय.