हॉप्सची वेल वाढेना: चार कंद, दोन हंगाम आणि एक उलटी केलेली कुंडी

बिअरमध्ये ज्याची फुलं घालतात त्या हॉप्सचे कंद मागवले होते, त्यांना आधी तारे देऊन टाकते: पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड ताऱ्यातला एक माझ्या स्वतःच्या नावावर आहे आणि अर्धा कंद विकणाऱ्याच्या. वेलीचा त्यात काही दोष नाही, हे कळायला मला सतरा महिने लागले.

हॉप्सबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट वाचली होती, ती म्हणजे या वेलीचा वेग. भर हंगामात दिवसाला वीतभर चढते, शेतात तिच्यासाठी साडेपाच मीटरचे खांब उभारतात, वगैरे. मी पण गच्चीच्या कठड्यापासून खाली काथ्याच्या दोऱ्या सोडून तयार होते. नवव्या आठवड्यात माझी सगळ्यात उंच वेल गुडघ्याला लागत होती. दोऱ्या वाऱ्यावर हलायच्या आणि मी खाली उभी राहून बघायचे.

कंद चार आले होते. दोन कॅस्केड (१९७२ साली अमेरिकेत प्रसारित झालेली जात, जोमदार म्हणून नवशिक्यांना हीच सुचवतात), एक हालरटाऊ मिटलफ्रू, आणि एक चिठ्ठी नसलेला, ‘भेट’ म्हणून. हळदीच्या गड्ड्यापेक्षा बारीक, करंगळीएवढे जाड. दोनांवर डोळे ठसठशीत दिसत होते, बाकी दोन अर्धवट सुकलेले. आडवे ठेवून, डोळे वर करून, दोन बोटं मातीखाली लावले. एक कॅस्केड पंधरा लिटरच्या काळ्या कुंडीत, दुसरा कंपाउंडच्या भिंतीलगत, हालरटाऊ मोकळ्या वाफ्यात आणि भेटीतला त्याच वाफ्याच्या टोकाला. चौघांनी चार वेगवेगळ्या प्रकारे रडवलं. म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहितेय, कारण ‘वाढ होत नाही’ ही तक्रार एकच असली तरी कारण प्रत्येक खड्ड्यात निराळं होतं.

कुंडीतली वेल. हिच्यावर माझं सगळ्यात जास्त लक्ष होतं, आणि हिलाच सगळ्यात जास्त त्रास झाला. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी नत्र कमी पडतंय असं ठरवलं. हॉप्सला नत्र भरपूर लागतं हे खरंच आहे, आणि नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानंच पिवळी होतात, हेही खरं. म्हणून विद्राव्य खत घातलं. आठवड्याने परत घातलं. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. मग ‘उन्हाने असेल’ म्हणून पाणी वाढवलं. दुपारी पानं मान टाकायची, मी आणखी पाणी घालायचे, आणि कुंडीखालची थाळी कायम भरलेली. आई आली होती, तिने थाळी पाहिली आणि म्हणाली, “पाणी किती घालतेस गं? जुलाब होतील त्याला. कुंडी उलटी करून बघ एकदा.”

मी महिनाभर टाळलं, कारण मुळांना हात लावला तर वेल मरेल अशी भीती. शेवटी एका संध्याकाळी कुंडी आडवी केली, बाजूने थोपटली आणि मातीचा गोळा सरकून बाहेर आला. वरचा अर्धा भाग ठीक होता: पांढरी मुळं, पण कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली, विणलेल्या टोपलीसारखी. खालची चार बोटं मात्र काळी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. वास गटाराचा. म्हणजे मुळांना जागा नव्हती, खाली हवा नव्हती, आणि मी वरून खताचा मारा करत होते. पाण्यात बुडालेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं तहानल्यासारखीच मान टाकतात. मी तहान समजून आणखी बुडवत गेले.

काळा भाग कात्रीने कापला, गोल फिरलेली मुळं सोडवली आणि साठ लिटरच्या ग्रो बॅगमध्ये लावलं. निम्मी बागेतली माती, बाकी कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि जाडी रेती. थाळी कायमची काढली. पाणी घालायचा नियम एकच केला: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. खत दीड महिना बंद. अठराव्या दिवशी नवा कोंब आला, आणि त्याची पेरं आधीच्या कोंबापेक्षा लांब होती.

पेरांबद्दल जरा थांबून सांगते, कारण नंतर निदानाचं माझं सगळ्यात कामाचं साधन हेच ठरलं. उंची बघून काही कळत नाही. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर बघा. मी बांबूच्या काठीवर दर रविवारी शेंड्यापाशी पेन्सिलने खूण करायचे आणि नवी पेरं पट्टीने मोजायचे. पेरं लांबत असतील, पान गर्द असेल, तर वेल फक्त सावकाश आहे, तिला सोडून द्या. पेरं आखूड होत चालली असतील तर काहीतरी बिघडलंय, मग उंची कितीही असो.

भिंतीलगतच्या कॅस्केडची गोष्ट उलट. पाणी बेताचं, निचरा उत्तम, ऊन आठ तास. तरीही नवी पानं फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. जुनी पानं ठीक. हा फरक मला कुंडीच्या धड्यानंतरच दिसला: नत्राची कमतरता खालून वर जाते, लोहाची वरून सुरू होते. शिवाय शेंड्याची पानं लहान आणि कडा वर वळलेल्या, ते जस्ताचं लक्षण. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, मातीचा सामू (पीएच) जास्त. जमिनीत लोह असतं, जस्त असतं, पण मुळांना ते घेता येत नाही.

इथे त्या दोन काड्यांच्या सामू मीटरबद्दल लिहायलाच हवं, कारण तोही मी याच कामासाठी घेतला होता. त्याने वाफ्यात ७ दाखवलं, भिंतीशी ७ दाखवलं, आणि गंमत म्हणून कोरड्या कोकोपीटमध्ये खुपसला तर तिथेही ७. घेऊ नका. माती परीक्षणाला नमुना दिला, भिंतीलगतचा सामू ८.१ निघाला. हॉप्सला ६ ते ७ मानवतो. खणून पाहिलं तर हातभर खाली बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गठ्ठे, प्लास्टरचे तुकडे. भिंत बांधणाऱ्याने तिथेच पुरून टाकलेलं. प्रत्येक पाण्याबरोबर त्यातला चुना मातीत उतरत होता.

गंधक मिसळलं, पण गंधकाला घाई चालत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्लात रूपांतर करतात तेव्हा कुठे सामू हलतो, आणि त्याला महिने लागतात. मधल्या काळासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह. यातही मी एकदा फसले: आधी आणलेलं ईडीटीए प्रकारचं होतं, ते एवढ्या जास्त सामूच्या मातीत टिकत नाही. नंतर ईडीडीएचए आणलं, आणि दोन आठवड्यांत नवं पान हिरवं उगवलं. जुनी पिवळी पानं पिवळीच राहिली, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. हंगाम संपून वेल सुकून झोपल्यावर मी कंद सरळ उचलून दीड मीटर पुढे मोकळ्या जागेत नेला. हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं.

भेटीतल्या कंदाचं थोडक्यात सांगते. कोंब आले ते आखूड, जाड, फिकट, पानं खाली मुडपलेली, सगळी पेरं एकमेकांना चिकटलेली, जणू कोणी वेल वरून दाबून धरलीय. पानाच्या खाली करडी बुरशी. हा केवडा नावाचा रोग, आणि हॉप्समध्ये तो कंदातच मुक्काम करतो, त्यामुळे अशा कंदातून दर वर्षी असेच कोंब येऊ शकतात. मी दोनदा कोंब खुडून वाट पाहिली, तिसऱ्यांदा उपटून पिशवीत भरून टाकला. कंपोस्टमध्ये टाकायची चूक करू नका. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की ‘भेट दिलेल्या मालावर हमी नसते’. अर्धा तारा तिथे गेला. आता पुन्हा घ्यायचे झाले तर कंद घेणार नाही, रोगमुक्त मातृवेलीपासून केलेलं, मुळं धरलेलं रोप घेईन. कंदाबरोबर केवडाच काय, विषाणू आणि व्हायरॉइडही (विषाणूहूनही साधे रोगकारक) येतात, त्यातल्या एकाचं नावच हॉप स्टंट, म्हणजे वेल खुजी करणारा. त्याच्यावर औषध नाही.

राहिला हालरटाऊ. याला काहीच झालं नव्हतं! पेरं लांब, पान गर्द, आणि तरी पहिल्या हंगामाअखेर उंची जेमतेम १.७ मीटर. मी याच्यावरही काहीबाही करून पाहिलं, तेवढाच वाया गेलेला वेळ. हॉप्स बहुवार्षिक आहे, पहिल्या वर्षी सगळी कमाई जमिनीखाली जाते, आणि पूर्ण उत्पन्न साधारण तिसऱ्या वर्षी धरतात. हालरटाऊ तर मुळात कॅस्केडएवढी जोमदार नाही. पहिल्या वर्षी एकच उपयोगी काम केलं, ते म्हणजे छाटणी केली नाही. ‘दोन-तीन कोंब ठेवा, बाकी कापा’ हा सल्ला मुरलेल्या वेलींसाठी आहे. लहान वेलीला प्रत्येक पान कंदाचं पोट भरायला लागतं.

एक फजिती वेल चढवतानाची. मी कोंब दोरीला हौसेने गुंडाळले, सकाळी बघते तर सुटून लोंबकळत. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. हॉप्स वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, घेवड्याच्या उलट, आणि माझा हात घेवड्याला सरावलेला. तिसऱ्या खेपेला सकाळी सकाळी जोर लावला तर शेंडाच मोडला. शेंडा मोडला की तो कोंब तिथेच थांबतो, बगलेतून फुटवे येईपर्यंत दोन-तीन आठवडे गेलेच. दुपारी कोंब जरा लवचीक असतात, तेव्हा करा, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. खोडावरचे आकड्यांसारखे केस हातावर लाल ओरखडे उठवतात, ते दोन दिवस चुणचुणतात. घरात कुत्रा असेल तर ही वेल लावण्याआधी विचार करा. हॉप्सची फुलं कुत्र्याने खाल्ली तर ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या हंगामात हालरटाऊला अकरा कोंब आले. सहा ठेवले, दोन दोऱ्यांवर तीन-तीन. सातव्या आठवड्यात पहिला शेंडा साडेचार मीटरवरच्या कठड्याला पोचला. बॅगमधली कॅस्केड साडेतीनपर्यंत गेली, भिंतीपासून हलवलेली अजून अडीचवर आहे, पण तिची पेरं रविवारी मोजली तर लांबताहेत. मध्ये आठवडाभर उन्हाळ्यात हालरटाऊची पानं तांबूस झाली. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली तर कागदावरचे ठिपके चालायला लागले. लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवसांआड, एवढ्यावर आटोक्यात आला. लवकर दिसला म्हणून.

दुसऱ्या हंगामात मी आणखी एक गोष्ट बदलली होती, ती लपवत नाही: संध्याकाळी टायमरवर साधा एलईडी दिवा. हॉप्सची शेती मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांमध्ये होते, कारण वाढीच्या काळात तिला लांब दिवस लागतात. दिवस आखूड असला तर निरोगी वेलही अर्ध्यावर थांबते आणि ब्रशसारखी फुलं काढायला लागते. तुमची वेल गर्द हिरवी आहे, मुळं पांढरी आहेत, सामू बरोबर आहे, तरीही छातीएवढी होऊन फुलावर आली, तर संशय दिवसाच्या लांबीवर घ्या. वेल हवी तेवढी चढेपर्यंत उजेड सोळा-सतरा तासांपर्यंत लांबवायचा, मग दिवा बंद. उजेड मंद चालतो. थंडी मिळाली नाही तर फुलं येत नाहीत असंही सांगतात, पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात थंडीशिवायही फुलं नीट आल्याचं दिसलं, त्यामुळे कंद फ्रीजमध्ये ठेवायच्या खटपटीत मी पडले नाही. माझ्याकडची वाढ दिव्याने झाली की वयाने, हे मात्र सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वर्षी आलं. पुढच्या हंगामात एका वेलीला दिव्याआड ठेवून बघणार आहे.

सामू मीटर खणात पडून आहे, कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. वाफ्याच्या टोकाचा खड्डा तसाच रिकामा ठेवलाय, तिथे हॉप्स पुन्हा लावणार नाही. आणि ग्रो बॅग वेल झोपली की परत आडवी करायची आहे. या वेळी आईने सांगायच्या आधी.