स्फटिकरचनेचा गोळ्यांचा संच: पाचपैकी चार तारे

काड्या-गोळ्यांच्या मॉडेलमध्ये अणू एकमेकांपासून लांब, काड्यांच्या टोकाला बसलेले दिसतात आणि मुलांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं होतं. रसायनशास्त्र शिकवताना ते पुसायला मला फार वेळ लागतो. या संचात गोळे एकमेकांना टेकून रचायचे असतात, म्हणून तो मला मनापासून आवडला.

30 मिलिमीटरचे सुटे गोळे, त्रिकोणी ट्रे, खळग्यांच्या पाट्या आणि सहा-सहा गोळे जोडून केलेले दोन त्रिकोण, एवढंच सामान. दुसरा थर पहिल्याच्या खाचांत आपोआप बसतो. प्रश्न तिसऱ्याचा. तो पहिल्याच्या बरोबर डोक्यावर आला तर मॅग्नेशियमची षट्कोनी रचना, उरलेल्या खाचांवर बसवला तर तांब्या-सोन्याची एफसीसी, म्हणजे पृष्ठकेंद्रित घन रचना. दोन्हींत प्रत्येक गोळ्याला 12 शेजारी, दोन्हींत 74 टक्के जागा भरलेली.

पण या थरांत घन कुठे आहे, हे मुलांना काही केल्या दिसत नाही. दोन्ही त्रिकोण उलटसुलट एकावर एक ठेवा, खाली-वर एकेक गोळा चिकटवा आणि सगळं तिरकं करा. कोपऱ्यांवर आठ आणि प्रत्येक पृष्ठाच्या मधोमध एक, असा एफसीसीचा घन समोर येतो! वर्गात इथे हमखास ‘परत दाखवा’ ऐकू येतं.

लोखंडाच्या बीसीसीची, म्हणजे कोपऱ्यांवर आठ आणि घनाच्या पोटात मधोमध एक गोळा अशा रचनेची, पाटीही विचार करून बनवली आहे. तळाच्या चार कोपऱ्यांच्या गोळ्यांत साधारण साडेचार मिलिमीटरची फट सोडली आहे, आणि ती हवीच. ते चारही गोळे एकमेकांना टेकवून त्यांच्या खाचेत पुढचा थर बसवत गेलं, तर बीसीसीऐवजी एफसीसीच तयार होते.

छोट्या गोळ्यांत मात्र निर्मात्याने हात आखडता घेतलाय. सगळे 12 मिलिमीटरचेच. सहा गोळ्यांमधल्या अष्टफलकीय पोकळीत ते छान बसतात, कारण तिथे मोठ्याच्या 0.414 पट व्यास चालतो. चार गोळ्यांमधल्या चतुष्फलकीय पोकळीत 0.225 पट, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच मावतात. तिथे 12 चा घातला की वरचा गोळा उचलला जातो आणि थर विस्कटतो. मी माळेचे 6 मिलिमीटरचे मणी वापरते, पण ते संचातच असायला हवे होते.

वर्गासाठी घेणार असाल तर निदान दोन संच घ्या. एका ट्रेभोवती चार-पाच जणांपेक्षा जास्त हात पोचत नाहीत.