आयफोन की अँड्रॉइड? दृष्टिहीन वापरकर्त्याने बॅटरीच्या बाजूने पाहिलं तर

पडद्यावरचं बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर दोन: आयफोनचा व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडचा टॉकबॅक. यातला कुठला चांगला, या वादात आता फारसा दम उरलेला नाही. आयफोनवर व्हॉइसओव्हर २००९ साली आला आणि अँड्रॉइडवर टॉकबॅकही त्याच वर्षी. मधली बरीच वर्षं टॉकबॅक मागे होता, पण २०२० मध्ये त्यात ब्रेल कीबोर्ड आला, २०२१ मध्ये दोन-तीन बोटांचे जेश्चर आले आणि पुढच्या वर्षी ब्रेल डिस्प्लेसाठी (पडद्यावरचं ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या यंत्रासाठी) वेगळं अ‍ॅप घेण्याची गरज संपली. फोन उचलायला आणि ठेवायला दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं, ही सोय आज दोन्हीकडे आहे. जेश्चरच्या याद्या समोरासमोर मांडून निवड करायला बसलात तर संध्याकाळपर्यंत काहीच ठरणार नाही.

निवड ठरते ती दुसऱ्याच एका जागी, आणि त्या जागेचा संबंध बॅटरीशी आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन जे काही करतो, त्यात तो स्क्रीन रीडरला हात लावतो का? डोळस माणसाच्या फोनमध्ये एखादं अ‍ॅप पार्श्वभूमीत बंद पडलं तर फार तर एक नोटिफिकेशन उशिरा येतं. आपल्या फोनमध्ये बंद पडणारं अ‍ॅप स्क्रीन रीडर असेल, तर हातात उरते नुसती काच.

आधी किरकोळ बाबी उरकतो. नुसत्या क्षमतेत अँड्रॉइड सरळ पुढे आहे. पंधरा हजारांच्या आतबाहेरच्या फोनातही ५००० एमएएच मिळतात, तर तिसऱ्या पिढीच्या आयफोन एसईमध्ये २०१८ एमएएचच आहेत. ३.५ मिमीचा हेडफोन जॅक स्वस्त अँड्रॉइडमध्ये अजून सापडतो. त्याचं महत्त्व आपल्याला जास्त, कारण वायरच्या इअरफोनमध्ये बोट टेकल्याबरोबर शब्द येतो आणि ब्लूटूथवर किंचित मागे पडतो. आयफोनमधून हा जॅक २०१६ पासून गेला. तिथे एकाच भोकातून चार्जिंग आणि इअरफोन दोन्ही एका वेळी करायचं तर वायरलेस चार्जर तरी हवा, नाहीतर दोन तोंडांचा अडॅप्टर. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरवर रोज कित्येक तास ऐकणाऱ्याला ही अडचण छोटी नाही.

पडदा काळा करण्याबद्दल मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की स्क्रीन कर्टन लागतो (पडदा मोठा करून दाखवणारं झूमही चालू असेल तर चारदा करावं लागतं). अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवण्याचा पर्याय मिळतो. दोन्हींचा मोठा फायदा गुप्ततेचा आहे. लोकलमध्ये शेजारी उभ्या माणसाला तुमचा मेसेज किंवा बँकेतली शिल्लक दिसत नाही. बॅटरीचा फायदा पडद्याच्या जातीवर ठरतो. अमोलेडमध्ये काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू, म्हणून तिथे बचत खरी होते. एलसीडीत चित्र काळं असलं तरी मागचा दिवा जळतच असतो. म्हणून एलसीडी अँड्रॉइड असेल तर ऑटो ब्राइटनेस बंद करून ब्राइटनेस अगदी शून्याला आणून ठेवा. तेवढं करूनही जादूची अपेक्षा नको. आपली बॅटरी पडद्यापेक्षा जास्त खातात ते मोबाइल डेटा, जीपीएस आणि कॅमेरा. समोर काय आहे ते सांगणाऱ्या बी माय आइज किंवा सीइंग एआय अ‍ॅपवर कॅमेरा सतत चालला की फोन गरम होतो आणि टक्के भराभर उतरतात. नोट ओळखण्यापुरतं काम असेल तर रिझर्व्ह बँकेचं मनी अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं. ते दोन्ही फोनांवर आहे आणि बॅटरीवरही हलकं पडतं.

आता मुख्य मुद्दा.

अँड्रॉइडवर बोलणारी गोष्ट एक नसते, दोन असतात. टॉकबॅक (अँड्रॉइड अ‍ॅक्सेसिबिलिटी सूट या अ‍ॅपमध्ये) पडद्यावर काय आहे ते शोधतो, आणि ते उच्चारण्याचं काम वेगळं स्पीच इंजिन करतं. ते गुगलचं असेल, ईस्पीक असेल किंवा फोन कंपनीचं स्वतःचं. फोनचा बॅटरी मॅनेजर या दोघांकडे वेगवेगळी अ‍ॅप्स म्हणून बघतो. अँड्रॉइडच्या मूळ रूपात या बाबतीत बऱ्यापैकी समजूतदारपणा आहे. पण काही कंपन्यांनी त्यावर चढवलेले आपापले थर फार आक्रमक असतात. रात्री फोन बाजूला पडून राहिला, बॅटरी सेव्हर लागला किंवा रीसेंट्समध्ये (नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत) ‘क्लिअर ऑल’ दाबलं गेलं, की यातलं एक झोपवलं जातं. सकाळी फोन उचलावा तर शब्दच नाही.

कुठलं झोपलं आहे ते ओळखता येतं. बोट फिरवल्यावर बारीक टिकटिक किंवा कंपन जाणवतं, पण शब्द येत नाहीत, तर टॉकबॅक चालू आहे आणि स्पीच इंजिन पडलं आहे. काहीच जाणवत नसेल आणि एका टॅपमध्येच काहीतरी उघडल्यासारखं वाटत असेल, तर टॉकबॅकच गेला आहे. पहिल्या प्रसंगी पॉवर बटणाने पडदा बंद-चालू करून पाहा. नाही जमलं तर व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक बंद करा आणि तसंच दाबून पुन्हा चालू करा. दुसऱ्या प्रसंगी तीच बटणं एकदाच पुरतात. मात्र हा शॉर्टकट आधी सेटिंग्जमध्ये लावलेला हवा. गुगल असिस्टंट ऐकत असेल तर त्याला टॉकबॅक सुरू करायला सांगूनही काम होतं.

हे होऊ नये म्हणून नवा अँड्रॉइड हातात आल्या दिवशीच पुढचं करून घ्यावं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अँड्रॉइड अ‍ॅक्सेसिबिलिटी सूट, बॅटरी या वाटेने जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. नेमकं हेच स्पीच इंजिनासाठीही करा, कारण लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. गुगलचं इंजिन अ‍ॅप्सच्या यादीत ‘स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस’ अशा नावाने सापडतं. फोनमध्ये ऑटोस्टार्टची यादी असेल तर दोन्ही तिथे चालू ठेवा. सॅमसंगवर ‘नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स’मध्ये घाला. न वापरलेली अ‍ॅप्स थांबवण्याचा पर्याय या दोघांपुरता बंद करा. आणि एकाऐवजी दोन स्पीच इंजिनं ठेवा: पहिलं कोसळलं तर टॉकबॅक दुसऱ्याकडे वळण्याचा प्रयत्न करतो.

एवढं करूनही कंपनीचा मोठा अपडेट आला की यातल्या काही सेटिंग्ज पुन्हा मूळपदावर जातात. मला त्रासदायक वाटतं ते हेच. काम अवघड नाही, पण ते कधी संपत नाही, आणि चूक झाली की नेमका आवाजच जातो, म्हणजे दुरुस्त करण्याचं साधनच जातं. जिएशुओ हा वेगळा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना हे आणखी जाणवतं. तो टॉकबॅकपेक्षा कितीतरी गोष्टी जास्त करतो, म्हणूनच आपल्याकडे तो आवडीने वापरला जातो. पण तो बाहेरून टाकलेला असल्यामुळे अँड्रॉइड १३ पासून त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळत नाही. अ‍ॅप इन्फोमध्ये तीन टिंबांच्या मेनूत जाऊन ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ करावं लागतं. शिवाय काही बँकिंग अ‍ॅप्स अशा बाहेरच्या सेवा दिसल्या की उघडायलाच नकार देतात. जिएशुओ ठेवलात तरी शॉर्टकटवर टॉकबॅक राहू द्या.

आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि त्याचा मूळ आवाज दोन्ही सिस्टिमचाच भाग आहेत. त्यांना झोपवणारी यादी अस्तित्वातच नाही. लो पॉवर मोड लागला तर पार्श्वभूमीचं रिफ्रेश थांबतं आणि ऑटो लॉक ३० सेकंदांवर येतो, त्यामुळे मध्ये विचार करत थांबलात तर फोन लॉक होतो. हा त्रास आहेच, पण आवाज जात नाही. व्हॉइसओव्हर चुकून बंद झालाच तर बाजूचं बटण (जुन्यांवर होम बटण) तीनदा दाबून (हाही शॉर्टकट आधी लावलेला हवा) किंवा सिरीला सांगून परत येतो.

दुसरी कसोटी बॅटरी पूर्ण संपण्याची. फोन मेला, चार्ज होऊन पुन्हा सुरू झाला, आणि पिन अजून टाकलेला नाही. त्या क्षणी फोनमधला बराचसा डेटा कुलूपबंद असतो, आणि वेगळं डाउनलोड केलेलं स्पीच इंजिन त्या कुलपामागे असेल तर पिन टाकेपर्यंत ते उठू शकत नाही. आयफोन अशा वेळी तुमचा आवडता आवाज नसेल तरी साध्या आवाजात बोलतो आणि पिनचे आकडे ऐकू येतात. अँड्रॉइडवर गुगलचं इंजिन मुख्य असेल तर बहुतेक वेळा निभावतं. दुसरं कुठलं असेल तर आवाज बदललेला तरी येतो किंवा शांतता तरी. प्रवासात, अनोळखी स्टेशनवर, हा फरक फार मोठा ठरतो.

चार्जिंग सुरू झालं हे कळणं हाही आपल्यासाठी काळजीचा भाग आहे, कारण आपण चिन्ह बघून खात्री करू शकत नाही. अँड्रॉइडवर चार्जिंगचा आवाज आणि कंपन सेटिंग्जमधून चालू आहे ना ते पाहा. पोर्टमध्ये खिशातली कापसाची लव साचली की पिन अर्धीच बसते आणि रात्रभर फोन तसाच राहतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ती काढा, धातूची सुई नको. साध्या वायरलेस पॅडवर फोन थोडा जरी सरकला तरी चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं आणि उष्णता वाढते. चुंबकाने आपोआप जागेवर बसणारं चार्जिंग आयफोन १२ पासून आहे, आणि आंधळ्या हातांना त्यासारखी सोय नाही. क्यूआय२ हे वायरलेस चार्जिंगचं नवं मानक आल्यापासून अँड्रॉइडच्या काही फोनांनाही ती मिळू लागली आहे, पण स्वस्तातल्या नाही.

८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणं आयफोन १५ पासून आहे. आयओएस १८ मध्ये ८० ते १०० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यांनी मर्यादा ठरवता येते. मर्यादा लावली तरी अधूनमधून फोन १०० पर्यंत जाईल. टक्केवारीचा अंदाज बरोबर राहावा म्हणून तो मुद्दाम तसं करतो, बिघाड नव्हे. सॅमसंग आणि पिक्सेलवरही ८० ची मर्यादा आहे. दिवसभर घराबाहेर, नकाशा आणि कॅमेऱ्यावर अवलंबून असाल तर बॅटरीचं आयुष्य वाढवण्यापेक्षा हाताशी २० टक्के जास्त असणं मोलाचं आहे. घरातून काम करणाऱ्याने मर्यादा जरूर लावावी. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या आसपास पारा जातो, तेव्हा मर्यादेपेक्षा सावली महत्त्वाची: फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि फार तापला तर आयफोन ८० टक्क्यांपुढचं चार्जिंग रोखतो. कव्हर काढून, फरशीवर ठेवून चार्ज करा. उशीखाली कधीच नाही.

अँड्रॉइडच्या पारड्यात एक जड गोष्ट आहे, ती मराठीची. गुगलचा मराठी आवाज चांगला आहे, फोनचे सगळे मेनू मराठीत येतात, आणि जीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करणं भरवशाचं आहे. आयफोनवर व्हॉइसओव्हरसाठी मराठी आवाज आयओएस १६ पासून आहे, पण देवनागरी दिसली की तो कधीकधी ती हिंदीच्या हवाली करतो आणि ‘ळ’ बिघडतो. उपाय असा: व्हॉइसओव्हरच्या स्पीच सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, आपोआप भाषा ओळखण्याचा पर्याय बंद करा, आणि रोटरमध्ये (दोन बोटं चकतीसारखी फिरवून उघडणाऱ्या पर्यायांच्या यादीत) भाषा ठेवून हवी तेव्हा बदला. दिवसभर मराठी बातम्या आणि पुस्तकंच ऐकणाऱ्याला हे फिरवणं कंटाळवाणं होईल. त्यांनी अँड्रॉइड घेतला तर मी अडवणार नाही, फक्त आक्रमक थर नसलेला घ्या.

बाकीच्यांसाठी माझा कल आयफोनकडे आहे, नवा परवडत नसेल तर जुन्याकडेही. जुना घेताना बॅटरीची तपासणी स्वतः ऐकून करा. सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थमध्ये ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ ८५ च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, आणि १५ पासून १०००. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये बॅटरीपुढे ‘अननोन पार्ट’ असं ऐकू आलं तर बॅटरी कंपनीची नाही किंवा तिची ओळख पटत नाही असं समजा. मग फोन उताणा सपाट काचेवर ठेवा आणि कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. डुगडुगत असेल (कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून), किंवा पडद्याची कड चौकटीपासून नखाला उचललेली लागत असेल, तर बॅटरी फुगायला लागली आहे. असा फोन कितीही स्वस्त असला तरी परत द्या आणि चार्जिंगला लावू नका.

अँड्रॉइड घेत असाल तर दुकानातच टॉकबॅक लावा, पिन ठेवा, फोन बंद करून चालू करा आणि पिन टाकण्याआधी तो बोलतो का ते ऐका. मग बॅटरी सेव्हर लावून रीसेंट्स पूर्ण साफ करा, पाच मिनिटं फोन तसाच राहू द्या आणि पुन्हा बोट ठेवा. दुकानदार घाई करेल, पण पैसे देण्याआधी एवढं होऊ द्या.