वंशावळीआधी प्रश्नांचा नकाशा: आठ महिने वापरल्यानंतर

आमची वंशावळ आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, वडिलांपाशी येऊन अडली होती. तीन वह्या भरल्या होत्या, पण कुठल्या कार्यालयात काय विचारून आलो तेच त्यांत सापडायचं नाही. मग फ्रीप्लेन हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि माइंड मॅप, म्हणजे मधोमध एक विषय आणि त्याला फांद्या असा नकाशा, करायला बसलो.

पहिला महिना वाया गेला. मधोमध पणजोबांचं नाव लिहून फांद्यांवर लेकरं-नातवंडं चढवली, म्हणजे पुन्हा वंशावळच. नंतर मधोमध प्रश्न लिहिला: ‘आबाजींचा जन्म कुठे, कधी?’ त्याला फांद्या काढल्या: कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), घरची म्हातारी माणसं. ‘नाही मिळालं’ हेसुद्धा तारखेसकट लिहायचं. या एका सवयीने हेलपाटे वाचले.

गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. कोतवाल बुकाच्या फांदीला ‘तेव्हा कोणता जिल्हा?’ अशी उपफांदी काढली आणि चूक कळली. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली, त्याआधी सगळं भंडाऱ्यात. मी मात्र नागपूरहून दोनदा गोंदियालाच जाऊन आलो होतो! भंडाऱ्यात नोंद निघाली. बापाचं नाव, जात, तारीख. लेकराचं नाव नाही, नुसतं ‘मुलगा’. आईचा तर उल्लेखच नाही. शेजारच्या फांदीवर शाळेतली जन्मतारीख होती, फरक फक्त तीन दिवसांचा. दोन्ही एकाच पडद्यावर नसत्या तर मी ते पान उलटून पुढे गेलो असतो.

नात्यांसाठी मात्र हा प्रकार तोकडा पडतो. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्नं झालेली, त्यामुळे एकच बाई दोन फांद्यांवर येते. बाण काढून जोडता येतं, पण चार-पाच बाणांनंतर गुंता होतो. नाती मी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो, शोध नकाशावर.

आणि म्हाताऱ्या माणसांसमोर लॅपटॉप नकोच. आत्या पडदा पाहून गप्प बसायची. तोच नकाशा ड्रॉइंग शीटवर मोठ्या अक्षरांत काढून नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या घरी नेला. पणजोबांच्या शेजारच्या रिकाम्या चौकोनावर तिने बोट ठेवलं. “इथं कोणीच नाही का रे बाबू? माझी आजी बालाघाटकडची होती ना!”

बालाघाट आज मध्य प्रदेशात. १९५६ पर्यंत ते आणि नागपूर एकाच राज्यात होते. नवी फांदी काढली आहे. तिच्याखाली अजून एकही तारीख नाही. दिवाळीनंतर जाणार आहे.