डाउनलोड केलेले व्हिडिओ टीव्हीवर नीट बघायचेत? मग डीव्हीडीस्टायलर वापरा

एमपी४ नाहीतर एमकेव्ही फाइल डिस्कवर नुसती कॉपी केली की डीव्हीडी झाली असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मग प्लेयरने डिस्क घेतली नाही की वैतागतात. साध्या प्लेयरला एमपेग-२ (डीव्हीडीची व्हिडिओ साठवायची पद्धत) व्हिडिओ लागतो, तोही ठरलेल्या मापाचा, पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची) असेल तर ७२० बाय ४८०. हे सगळं डीव्हीडीस्टायलर करून देतं, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फाइल ओढून खाली टाका, मेनू हवा तर टेम्प्लेट निवडा, बर्न करा म्हणजे डिस्कवर लिहा, झालं. टेम्प्लेट मला तरी ठीकठाकच वाटले, पण मेनूसाठी कोण डीव्हीडी बनवतं!

मला हे आवडलं ते चित्राच्या मापासाठी. डीव्हीडीत रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असो की ४:३, साठवलेली फ्रेम तेवढीच असते, ती किती पसरवायची ते सोबतच्या खुणेवरून प्लेयर ठरवतो, आणि ती खूण चुकली की माणसं उंच, काटकुळी दिसतात नाहीतर गाडीचं चाक अंड्यासारखं होतं. इथे प्रत्येक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हे बघता येतं. आताचे रुंद व्हिडिओ असतील तर १६:९ ठेवा, जुना ४:३ व्हिडिओ असेल तर मूळ प्रमाण तसंच ठेवून बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या, पट्ट्या घालवायला चित्र ताणू नका प्लीज. आणि प्लेयरच्या सेटिंगमध्येही टीव्ही १६:९ निवडलेला हवा, नाहीतर इकडे केलेली मेहनत पाण्यात.

दुसरी गोष्ट फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, इकडे कोणी लक्षच देत नाही. पाल सेकंदाला २५ फ्रेमचं, एनटीएससी २९.९७ चं. ३० फ्रेमचा व्हिडिओ पालमध्ये कोंबला की मधल्या फ्रेम गळतात आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खात जातं. अशा फाइलला सरळ एनटीएससी निवडा, पालवाले बहुतेक प्लेयर तेही चालवतात, उलटं मात्र धरून चालू नका.

आता डिस्क किती भरायची. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास टाकले तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट मिळतात आणि चित्र छान येतं, चार तास कोंबले की निम्मेच उरतात, मग पाऊस, धूर, वाहतं पाणी असं काही आलं की चौकोनच चौकोन. बिटरेट (हाच सेकंदाचा मेगाबिटचा आकडा) ऑटो ठेवला की सॉफ्टवेअर आपणच जमवून घेतं, पण जागाच नसेल तर ते तरी काय करणार, दोन डिस्क करा. फाइल मुळातच ३६०पीची, म्हणजे कमी स्पष्ट असेल तर डीव्हीडी करून ती सुधारत नाही हेही लक्षात ठेवा.

कन्व्हर्ट व्हायला वेळ लागतो, रात्री लावून ठेवलेलं बरं. थेट बर्न न करता आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून मेनू, आवाज, सबटायटल बघा, सबटायटलचा फाँट तर नक्कीच, कारण डीव्हीडीत ती चित्रं म्हणून जातात, नंतर रिमोटने मोठी करता येत नाहीत. ट्रायलला आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) डिस्क चालेल, फक्त काही जुने प्लेयर ती वाचत नाहीत, तेव्हा तिथे साधी, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घ्या आणि बर्न करायचा स्पीड कमी ठेवा.