दहा महिन्यांचं बाळ कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या पाळणाघरात ठेवावं का?

ठेवावं, पण दोन गोष्टी आधी पक्क्या करून. फी महिना ६,००० रुपये, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा. भिंतींवर कार्टून नाहीत, खेळणी साधीच, सीसीटीव्ही फक्त दारापाशी. त्यावरून नाक मुरडू नका. या वयाच्या बाळाला ठरलेलं माणूस लागतं, आणि ते इथं मिळतं.

तीन तान्ह्यांमागं एक मावशी आहे. कुठल्या बाळाची कोण, हे पहिल्याच दिवशी ठरतं. भरवणं, लंगोट बदलणं, झोपवणं तीच करते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हेच प्रमाण नियमानं बंधनकारक आहे. रडल्यावर कुणीतरी धावून येतं एवढ्यानं भागत नाही. तेच माणूस, तसंच, वेळेत येतंय हे बाळाच्या अंगवळणी पडलं की ते त्या माणसावर विसंबायला लागतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी भावबंधाचा, म्हणजे बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या घट्ट नात्याचा, सिद्धान्त मांडला तो याच विसंबण्यावर. ‘मावशीचा लळा लागला तर मला विसरेल’ ही भीती मात्र आयांनी मनातून काढावी. बाळ एकाच वेळी आई, आजी आणि मावशी, तिघींशी घट्ट बांधलेलं असू शकतं. अमेरिकेत १९९१ पासून १,३०० हून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला. त्यातही नुसत्या पाळणाघरामुळं आईशी असलेलं नातं कच्चं राहत नाही असंच दिसलं. जास्त फरक पडत होता तो आई बाळाच्या खुणा किती ओळखते यानं.

बाळाला रुळवायची इथली पद्धत बर्लिनमध्ये तयार झालेल्या पद्धतीवर बेतलेली आहे. पहिले तीन दिवस आईनं किंवा बाबानं तासभर खोलीतच बसायचं, कोपऱ्यात, खेळ न घेता. बाळ लांब जाऊन परत येईल, तेव्हा मांडी मोकळी हवी. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, जास्तीत जास्त अर्धा तास. रडं मावशीच्या कुशीत शमलं तर पुढं वेळ वाढवायचा. शमत नसेल तर दोन-तीन मिनिटांत परत यायचं आणि पुढचा प्रयत्न काही दिवस थांबवायचा. पहिला दुरावा सोमवारी नको, कारण सुट्टीनंतर घडी विस्कटलेली असते. याला दोन-तीन आठवडे लागतात आणि नेमकं इथंच बिनसतं. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेला उरलेली रजा जोडून आई आठव्या-नवव्या महिन्यात रुजू होते. परक्या माणसाची भीती वाढते तीही याच सुमारास. म्हणून रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा.

सकाळी बाळ सोपवतात ते बघण्यासारखं आहे. मावशी हात लांबवून बाळाला ओढून घेत नाही. चटईवर बसते, स्टीलच्या वाटीवर चमचा हलकेच वाजवते. बाळ आईकडं बघतं, वाटीकडं बघतं, पुन्हा आईकडं. ते स्वतःहून पुढं झुकलं की मगच मावशी घेते.

आता खटकलेलं. दुपारी तीनला मावशींची पाळी बदलते, आणि दुसऱ्या मावशीची ओळख रुळवताना करूनच दिलेली नसते. झोपेतून उठलेल्या बाळासमोर अनोळखी चेहरा येतो, मग साडेतीनला रडारड. दुसरं, एक मदतनीस बाई आयांना ‘नजर चुकवून निघा’ म्हणतात. हे अजिबात ऐकू नका. न सांगता आई नाहीशी होते हे कळलं की बाळ घरातही पदर सोडत नाही, बाथरूमच्या दारापर्यंत मागं येतं. ‘ऑफिसला जाते, संध्याकाळी येते’ एवढं बोला, टाटा करा आणि निघा. दारात घुटमळू नका.

संध्याकाळी तुम्हाला बघून बाळानं भोकाड पसरलं तर दिवसभर हाल झाले असं समजू नका. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध चाचणीत आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत येते. तिथंही आई गेल्यावरच्या रडण्यापेक्षा ती परतल्यावर बाळ काय करतं याला जास्त वजन होतं. ती चाचणी तज्ज्ञांनी करायची असते, हॉलमध्ये घरच्या घरी नव्हे. तुम्ही एवढंच करा: फोन पर्समध्ये, दहा मिनिटं खाली बसा, लगेच गाडीवर घालून निघू नका.

थोड्या मोठ्या मुलांशी वागणं चांगलं आहे. कुणी चावलं तर आधी चावा बसलेल्याला जवळ घेतात, मग चावणाऱ्याचा हात धरून ‘चावायचं नाही, दुखतं’ असं शांतपणे सांगतात. बागुलबुवा, अंधारी खोली असलं काही नाही. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी ज्या पालकत्वाला उजवं ठरवलं, त्यात माया आणि मर्यादा अशाच जोडीनं येतात.

फॉर्म भरताना दोन गोष्टी लेखी घ्या. रुळवण्याचे शेवटचे तीन दिवस दुपारच्या मावशीबरोबर असतील. आणि मावशी काम सोडणार असेल तर १५ दिवस आधी कळवून, ती असतानाच नव्या मावशीची सवय करून देतील. पाळणाघर चालवणाऱ्या बाई तोंडी दोन्हीला हो म्हणतात, पण छापील फॉर्मवर यातलं काहीच नाही.