शब्द ओळखायला शिकवायचं की अक्षरं जोडायला? मोठ्या वयाच्या विशेष विद्यार्थ्यांचं रोजचं वाचन

वय चौदा-पंधरा, वाचन मात्र पहिली-दुसरीच्या पातळीवर, आणि शाळेची मोजकीच वर्षं शिल्लक. अशा विद्यार्थ्याबद्दल शिक्षक आणि पालक बोलायला बसले की प्रश्न हमखास निघतो: अजून बाराखडीच घोटायची, की ‘धोका’, ‘बंद’, ‘बाहेर’ असे उपयोगाचे शब्द थेट ओळखायला शिकवायचे? शिवाय मजकूर मोबाईलकडून वाचून घेण्याची सोय आता आहेच. तिन्ही वाटा खऱ्या आहेत, पण त्या एकाच ठिकाणी पोचवत नाहीत.

अख्खा शब्द ओळखण्याची पद्धत लवकर फळ देते, हे मान्यच करायला हवं. कार्ड दाखवायचं आणि सुरुवातीला लगेच उत्तर सांगायचं. मग हळूहळू तीन-चार सेकंद थांबायचं आणि मुलगा अडला तरच सांगायचं. यात चुका कमी होतात, म्हणून वर्षानुवर्षं ‘तुला येत नाही’ ऐकलेली मुलं इथे खुलतात. मध्यम किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या वाचनावरच्या 128 अभ्यासांचा आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक अभ्यास याच पद्धतीचे होते. ती चालते याचे पुरावे भरपूर मिळाले, पण अक्षर-ध्वनी आणि आकलन यांवर फारच थोडं काम झालेलं दिसलं. म्हणजे बाकीचं या मुलांना जमत नाही असं सिद्ध झालं नव्हतं. ते पुरेसं शिकवून पाहिलंच गेलं नव्हतं.

या पद्धतीची मर्यादा पाटीसमोर उभं राहिल्यावर कळते. ‘प्रवेश’ पक्का झालेला मुलगा ‘प्रवेश बंद’ लिहिलेल्या दारातूनही आत्मविश्वासाने शिरतो, कारण ओळखीचा शब्द दिसताच त्याचं वाचन थांबतं. म्हणून अशा जोड्या पहिल्यापासून शेजारी-शेजारी ठेवून शिकवाव्या लागतात: प्रवेश आणि प्रवेश बंद, चालू आणि बंद, ढकला आणि ओढा. कार्डावर चित्र असेल तर ते लवकर काढून टाका. चित्र असेपर्यंत बरीच मुलं अक्षरांकडे बघतच नाहीत.

अक्षरं जोडून वाचायला शिकवणं संथ आहे, पण न शिकवलेला शब्दही वाचता येईल तो याच वाटेने. 40 ते 80 बुद्ध्यांकाच्या 141 मुलांना चार वर्षांपर्यंत पद्धतशीर वाचन शिकवल्याचा एक अभ्यास 2014 मध्ये आला. त्यांची प्रगती नेहमीच्या शिकवण्यापेक्षा चांगली झाली, मात्र त्यासाठी बराच काळ द्यावा लागला. ही मुलं प्राथमिक वयाची होती, त्यामुळे ती गती पंधराव्या वर्षी जशीच्या तशी गृहीत धरता येणार नाही. तरीही ‘वय गेलं’ म्हणून अक्षरं सोडून देणं मला पटत नाही. देवनागरीत बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचले जातात. काना-मात्रा बसल्या की पुष्कळ काही एकदम मोकळं होतं. फक्त क्रम बदला. पाट्यांवर आणि अर्जांवर जोडाक्षरांची गर्दी असते (प्रवेश, स्वाक्षरी, पत्ता), म्हणून ती शेवटच्या धड्यापर्यंत ठेवू नका. आणि पंधरा वर्षांच्या मुलीपुढे बालवाडीतलं बदकाचं पुस्तक ठेवू नका. तिला ते कळतं आणि मनाला लागतं.

मोबाईलचं वाचन लांब मजकुरासाठी उत्तम: पत्र, सूचना, बँकेचा संदेश. तो ‘काहीच जमलं नाही तर’ म्हणून ठेवायचा पर्याय नव्हे, पहिल्या दिवसापासून बरोबर असावा. पण यंत्र वरपासून खालपर्यंत सगळं वाचतं. त्यातलं आपल्या कामाचं कोणतं, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं आणि ते वेगळं शिकवावं लागतं. चालता चालता दिसणाऱ्या पाटीसाठी तर फोन काढायला वेळही नसतो.

पद्धत कोणतीही घ्या, सामग्रीचा फरक त्याहून मोठा आहे असं माझं मत आहे. औषधाच्या बाटलीवरची सूचना वर्कशीटवर छापली की ती मोठ्या ठळक अक्षरांत, सपाट कागदावर, एकटीच येते. खऱ्या बाटलीवर ती बारीक असते, गोलाईवर वळलेली असते आणि आजूबाजूला नको तो मजकूर असतो. ‘दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर’ हे खडाखडा वाचणाऱ्या मुलीला विचारा, “सकाळचा डोस झालाय. आता दुपारचं जेवण झालं, तर घ्यायचा का?” बरेचदा ती गप्प होते. मुदत संपल्याची तारीख शोधायला सांगितली की उत्पादनाची तारीख दाखवते. म्हणून एकाच बाटलीवर सराव नको. तीन-चार वेगवेगळी वेष्टनं घ्या आणि परीक्षा मात्र पाचव्या, कधीच न पाहिलेल्या वेष्टनावर.

निवड करताना मी आधी हे पाहीन: काही अक्षरं ओळखीची आहेत का, आणि ऐकलेल्या शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता येतो का? येत असेल तर वाचनाच्या तासाचा मोठा भाग अक्षरांना द्या आणि सुरक्षिततेचे मोजके शब्द बाजूने चालू ठेवा. रोज आणि नीट शिकवूनही वर्षभरात अक्षरं जुळत नसतील, किंवा शाळा सुटायला काही महिनेच उरले असतील, तर अख्ख्या शब्दांना पुढे आणा. त्यांची यादी त्याच विद्यार्थ्याच्या रस्त्यावरून, घरातून आणि होणाऱ्या कामाच्या जागेवरून गोळा करा, तयार यादी वापरू नका.

नोंद ठेवताना ‘किती शब्द वाचले’ या रकान्याशेजारी ‘वाचून काय केलं’ हा रकाना असू द्या. ‘ओढा’ म्हटलं आणि दार ढकललं, तर तो शब्द अजून आलेला नाही असंच धरा.